पाकिटातले केस

दवाखान्याच्या बाकावर आजी ताठ बसली होती. संशोधन करणाऱ्या बाईंनी पुढे केलेला केसांच्या तपासणीचा कागद तिने हातातही घेतला नाही. मागची रांग कान देऊन ऐकत होती.

"आजी, तुमच्या मुलाच्या केसांत शिसं फार निघालंय. बॅटऱ्या वितळवायचं काम त्याला सोडावं लागेल."

"ते केस त्याचे नव्हेतच, पोरी. नोकरी जाईल म्हणून मीच दुसरे भरले पाकिटात. अक्कल काय शिकलेल्यांनाच असते?"

"मग कोणाचे होते?"

"नातीचे. चार वर्षांची आहे. कारखान्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही तिनं."

"त्याचे कामावरचे कपडे कोण धुतं?"

"मीच. तिच्या आंघोळीच्या टबात."

बाईंनी कागद पुन्हा पुढे केला, आणि या वेळी आजीने हात लांब केला.

"आण गं तो कागद इकडे."