डाळीतला खडा आन् तात्यासाहेबांच्या वहाणा

नाय, साळूबाई, डाळीचं ताट मी आणणार नाय — नातीला बघायला आलात, बघा, चहा घ्या, पण ताट मागू नका. का म्हणून काय इचारता? ऐका मग. औरंगपुऱ्यात एक होती सरू, म्हंजी माझी लेक, ह्या पोरीची आई. एक होते मी. आन् चितेगावला होते एक तात्यासाहेब. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन चार-दोन वर्सं झालती. पुतण्यासाठी, पुंजारामासाठी, सरूला बघायला आले. तोंडात पानाचा तोबरा, हनुवटीवर ओघळ — शी! खिशातनं खडे काढले, त्याच लाल बोटांनी तुरीच्या डाळीत मिसळले, म्हणले, निवड पोरी. रीतच व्हती तशी.

निवडू तरी द्यावं का नाय? मामाचं गाव कोणतं, पुरणाला गूळ किती, आजीचं माहेर कुठलं — पोरगी मान वर करती, सांगती, परत ताटात बघती, तवर दुसरा सवाल. अंधाऱ्या खोलीत सांडलेला मणी हुडकणारी माझी सरू — पण डोळं ताटात आन् डोस्कं आजीच्या माहेरी, खडा दिसंल कुठनं? एक राहिला. तात्यासाहेबांनी तो चार माणसांत उचलून धरला. "पोरीची नजर अधू हाय." झालं! ही गोष्ट गावभर गेल्यावर तिला करून घेणार कोण? पोर रडायली, आन् हे माझ्या सारवल्या भिंतीवर पिचकारी मारून वहाणा शोधायले.

मी काय केलं? पदर खोचून उंबऱ्यात उभी राहिले. तात्यासाहेब, थोरल्या आत्याचं सासर कोणतं? बैलांची नावं काय? हिरीला पाणी कवर पुरतं? लई मोठेपणानं सांगायले — आन् पाय चाचपडतेत. स्वतःची वहाण अंगठ्यापुढं, तरी घातली एक आपली, एक माझ्या दिराची. रस्त्याला लागले तवा मी वरडले, "तात्यासाहेब, नजर दाखवून घ्या." खाली बघितलं, पण अकड केवढी — तसेच गेले फताक-फताक.

दुसऱ्या दिवशी दिराची वहाण घेऊन पुंजाराम आला. सरू डाळच निवडत व्हती. हा खांबाला टेकून उभा, चकार शब्द नाय. तिनं ताट सारलं तवा बोलला, "काका नाय म्हणतेत. मी व्हय म्हणतो." चुलत्याची वहाण मात्र इथंच विसरला — विसरला कसला, मुद्दाम ठिवली, वहाणेचं निमित्त करून आठवडाभर खेपा घातल्या — ही लबाडी सरूला अजून ठाऊक नाय, बोलू नका कुठं. लगीन झालं, घर भरलं, लेकरंबाळं झाली, आन् त्या घरात निवडायला बसलेल्या बाईला आजबी कुणी हाक मारत नाय.

त्या घरची ही पोर. ताट पायजेच का? आणते की — पण तुमच्या वहाणा उंबऱ्यात हायेत, साळूबाई, आन् मला इचारायचं लई हाय.