मार्थाची हवेची गादी

माझं नाव शांतवन, आमी बेलापूरकडचे, आजा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाला म्हनून आमची नावं अशी, बाकी जमीन न्हाई, शाळा तिसरीपर्यंत, अन् हयात सगळी मांडवाच्या कामात गेली, दुसऱ्याच्या लग्नाचे बांबू रोवायचे अन् पंगत उठली की उपटायचे. काय सांगू तुमाला, त्या मांडवापायीच मी क्लबात शिरलो.

क्लब म्हंजे सेवेचा क्लब हो, पत्त्याचा न्हाई. डॉक्टर, वकील, दुकानदार असे मोठे लोक, गरिबांसाठी डोळ्यांचं शिबिर घ्यायचे. मांडव ठोकून झाला की बाकीचे गडी बिडी ओढत बसायचे, अन् मी म्हाताऱ्यांना हाताला धरून संडासला न्यायचो, कारन डोळ्याला पट्टी बांधलेल्या मानसाला संडास कोन दाखवनार, मोठे लोक तर फोटोत. मग मला दर शिबिराला बोलवायला लागले, फुकट बरं का, सेवा म्हनून. मार्था, माझी बायको, ती बी यायची. ऑपरेशनच्या आधी बायांच्या वेन्या घालून द्यायची, केस डोळ्यावर येऊ नयेत म्हनून. कुनी सांगितलं नव्हतं तिला. म्हनायची, यांच्या लेकी-सुना लांब, हात लावायला कुनी हाय का.

त्याच मार्थाला लकवा मारला. अर्धं अंग गेलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हनाल्या, मामा, हवेची गादी आना, पंपानं फुगती ती, न्हाईतर ह्या जखमा हाडापर्यंत जातील. आता तसली गादी क्लबाच्या खोलीत हुतीच, नवीकोरी, खोक्यात. टेम्पोतून मीच उतरवून घेतल्ती. गेलो अध्यक्षांकडं. ते म्हनाले, शांतवनमामा, तुमाला न्हाई म्हननार का, तुमी तर घरचे, पन वाटपाचा कार्यक्रम हाय, मोठे पाहुने येनार, त्यांच्या हातनं देऊ. म्हनलं, कवा? म्हनाले, येत्या रविवारी. त्या रविवारी पाहुन्यांना सवड न्हाई. पुढल्या रविवारी त्यांच्या घरी साखरपुडा. अन् इकडं मी मार्थाला कुशीवर करायचो तर चादर पाठीला चिकटून यायची. खोलीत वास यायला लागला. मी दार लोटून घ्यायचो तर म्हनायची, उघडं ठेवा, शेजारच्यांना कळू द्या मी अजून हाय. असली जीभ हुती तिची.

शेवटी कार्यक्रम ठरला, तर सेक्रेटरी म्हनतो, मामा, पेशंटला घेऊन या, फोटोत पेशंट पायजे. टेम्पोत घालून आनली. मांडव मीच ठोकलेला, सतरंजी मीच अंथरलेली. पाहुन्यांना उशीर. खुर्चीत बसवलेली मार्था एका अंगाला कलंडायला लागली, म्हनाली, अहो, मला खाली घ्या. स्टेजच्या मागं सतरंजीवर निजवली. तवर पाहुने आले अन् सेवा म्हंजे काय ह्याच्यावर बोलायला लागले, बोलतच राहिले, बोलतच राहिले, अन् गादी टेबलावर, रिबन बांधून.

माझं डोकं फिरलं. स्टेजवर गेलो, खोका उचलला, मागं आनून रिबन सोडली. पंपाला लाईट पायजे. मांडववाला मानूस मी, बोर्ड मला म्हाईत. माईकची पिन काढली अन् पंपाची घातली. तिकडं पाहुन्यांचा आवाज बंद, इकडं गादी फुगायला लागली. सेक्रेटरी पळत आला, मामा, अक्कल हाय का तुमाला, आता पाहुन्यांनी द्यायचं काय? म्हनलं, खोका द्या.

अन् तुमाला खोटं वाटंल, त्यांनी दिला! रिबन परत बांधली, रिकामा खोका पाहुन्यांच्या हातात, दुसऱ्या बाजूनं मला धरायला लावला, टाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आला. मागं आलो तर मार्था गादीवर पडल्या पडल्या हसली, म्हनाली, लई जड हुता का हो?

फार दिवस न्हाई जगली. जखमा खोल गेल्या हुत्या, गादीला उशीर झाला. मातीला क्लबाकडनं फुलांचं मोठं चक्र आलं, नावाची पट्टी लावून. ते मातर वेळेवर आलं.

शिबिराला मी आजबी जातो. क्लबासाठी न्हाई, म्हाताऱ्यांनी काय वाकडं केलंय माझं. पन वेन्या घालायला आता कुनी न्हाई. मी एकदा बसलो घालायला तर बाईच म्हनाली, राहू द्या भाऊ, तुमाला न्हाई जमायचं.

गादी मी परत दिली न्हाई. मागल्या आळीत सुंदराबाई पडून हाय, मांडी मोडलीय, तिच्याखाली घातलीय. परवा नवे अध्यक्ष आलते, म्हनाले, मामा, गादी क्लबाची हाय, आनून द्या, कार्यक्रम लागलाय, आमी सुंदराबाईलाच रीतसर देतो. म्हनलं, ती निजलीय त्याच्यावर. तुमी खोका न्या, वरल्या फळीवर हाय, रिबनीसकट.

नेला त्यांनी.

लिहा तुमी काय लिहायचं ते, पन फोटो नका काढू माझा. अन् आता उठतो, लाईट गेली बघा, गादीतली हवा उतरायच्या आत सुंदराबाईला कुशीवर केली पायजे, सून कामावर गेलीय तिची. प्रभू तुमचं भलं करो. जाताना दार लावू नका, उघडंच असू द्या.