आठव्या हंसापासून

सीनुआन : "दोन उचल, एक सोड, हंस पाण्याला आला गं; तीन उचल, दोन सोड, चोच घड्यात बुडाली गं." आई मागावर बसली की असं म्हणायची. चाळीस वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे. तिसरी ओळ मात्र मेली हरवली.

थवी : मावशी, गा खुशाल, पण डोकं हलवू नका. केसांतला चांदीचा काटा काढलात?

सीनुआन : काढला बाबा. तुझ्या चुंबकाला माझा काटाच बरा दिसतो. खामपान, धर गं.

खामपान : दे, ताई. आज सोळावा दिवस. चारच राहिले.

सीनुआन : एकही राहिला नाही. उद्या मी गावी, मे चेमला जाणाऱ्या गाडीत बसणार.

थवी : थांबा. सुरू करतोय, दात मिटून घ्या. भांडण विश्रांतीत करा.

(च्यांग माईच्या इस्पितळातली खोली. उपचार देणाऱ्या थवीनं सीनुआनच्या कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवलेलं चुंबकाचं वेटोळं सुतारपक्ष्यासारखं टकटकतं, थांबतं. धाकटी बहीण खामपान मुठीत काटा धरून बसली आहे.)

थवी : हं, आता बोला. जायचं का म्हणताय?

सीनुआन : गुण नाही म्हणून. गोळ्यांनी मन जागेवर आलं, ते खरं. डॉक्टर म्हणाले, आता दोऱ्यांची हरवलेली मोजणी चुंबकानं परत येते का बघू. आली का? संध्याकाळी काय विणलं ते सकाळी आठवत नाही.

थवी : वचन कुणी दिलं नव्हतं, मावशी. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. पण ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणताना आधी चारच जमायचे, परवा सहा जमले तुम्हाला.

सीनुआन : आकडे नेसता येत नाहीत.

खामपान : आपल्या खोलीवरचा माग तरी सांगतोय ना? अकरा हंस झाले किनारीवर. एकही वाकडा नाही.

सीनुआन : सुंदर आहेत. पण माझे नाहीत.

थवी : म्हणजे?

सीनुआन : आमच्याकडे नेसूची किनार उलटी विणतात. सुलट बाजू जमिनीकडे. साळिंदराच्या काट्यानं एकेक दोरा उचलायचा, नक्षी बघायची तर खाली आरसा धरायचा. गाठी मात्र सगळ्या डोळ्यांसमोर. ही बाई वीस वर्षं शहरात राहिली आणि एवढंच विसरली. पहाटे मी गोळीच्या झोपेत असले की माझ्या चुका उसवते, नीट विणून ठेवते. आणि गाठी मारते डावीकडे वळणाऱ्या. डावखुरी ना.

खामपान : तुला माहीत होतं?

सीनुआन : मला आठवत नसलं तरी गाठींना आठवतं. पहिल्या सात हंसांच्या पाठीवर तुझंच नाव आहे.

खामपान : मग बोलली का नाहीस?

सीनुआन : एवढं मन लावून चोरी करत होतीस, मोडवेना.

थवी : आणि आठव्यापासून?

सीनुआन : तिथून ही शहाणी झाली. गाठी उजवीकडे वळवायला लागली, अगदी माझ्यासारख्या. गावात बारा पोरी माझी वाट बघतायत शिकायला. त्यांच्यापुढे हिच्या हंसांवर माझं नाव सांगून बसू? त्यापेक्षा सरळ सांगते, मला आता येत नाही, दुसरी गुरू शोधा.

थवी : दुसरी फेरी. दात मिटा… झालं. धाकट्या मावशी, रडताय का?

खामपान : नाही. काटा टोचला.

सीनुआन : लहानपणापासून असंच. खोटं बोलली की हिला काहीतरी टोचतं.

खामपान : ताई, चार वर्षांमागची ती किनार आठवते? महिन्याचं काम तू नऊ दिवसांत उरकलंस. मी म्हटलं, अशी विणकर साऱ्या खोऱ्यात नाही. मग चार दिवस तुझ्या डोळ्याला डोळा नाही. पाचव्या दिवशी डोंगर चढून निघालीस, ढगांना किनार लावायला.

सीनुआन : आठवतं. तेवढं नेमकं आठवतं.

खामपान : तेव्हापासून तुला चांगलं म्हणायची भीती वाटते मला. थवी, खरं सांग. हे तसलं नाही ना?

थवी : रोज विचारून लिहितो मी. झोप सात तास, गोळ्या वेळेवर. डॉक्टरांनी कालच पाहिलं. तसलं काही दिसत नाही.

सीनुआन : काय चाललंय तुमचं? काय लपवलंयस, खामपान?

खामपान : ती उजवी गाठ मला शिकवायला आईनं तीन पावसाळे घालवले आणि शेवटी हात टेकले. ती मला अजून येत नाही, ताई. आठव्या हंसापासून मी पहाटे मागापाशी येते, आरसा खाली धरते आणि नुसती बघत बसते. उसवावं असं काही सापडतच नाही.