मामांचा राग आणि मिझोरामची सून

माझे मामा बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याचे, भारी तापट. माझी बायको रिनी मिझोरामची. लग्नानंतर तिला घेऊन पहिल्यांदाच चौसाळ्याला गेलतो. चहा पिताना मामांनी मला विचारलं, "सूनबाई चीनची हाय का रे?"

मी म्हणालो, "मामा, असं विचारलं की तिला लागतं."

मामा तापले. "म्हंजी मी भेदभाव करतो व्हय? या घरात कुणाला परकं मानलंय कधी?"

रिनी शांतपणे म्हणाली, "मामा, पुण्यात आम्ही भाड्यानं घर बघत होतो. हे बीडचे म्हटल्यावर मालकानं विचारलं, 'मारामाऱ्या तर करणार नाही ना?'"

मामा ताडकन उठले. "सगळ्यांना एकाच मापात मोजतो का त्यो?"

बोलता बोलता थबकले, खाली बसले आणि पोट धरून हसत सुटले. मग रिनीला म्हणाले, "पोरी, तुझं गाव कोणतं, नीट सांग बघू."