गाडीचं तोंड रस्त्याकडे

सन्माननीय अध्यक्ष चंद्रहासराव, अग्निशमन केंद्राचे प्रमुख आणि आजचे आपले पाहुणे डेक्लनसाहेब, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते जयेशराव पाटणकर, मुक्तावहिनी, आणि कोरोनामुळे खिडक्या सताड उघड्या म्हणून कोट घालून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

डेक्लनसाहेबांना मराठीचं अक्षर कळत नाही, तरी मघापासून माना डोलावताहेत. आपल्या मराठी मंडळाच्या काही सभासदांपेक्षा बरेच म्हणायचे!

अध्यक्षांनी प्रास्ताविकात जयेशरावांना स्वयंसेवक म्हटलं. चंद्रहासराव, राग मानू नका, पण ते स्वयंसेवक नाहीत. हे मी म्हणत नाही. त्यांनीच एकदा भर सुनावणीत सांगितलंय आणि ते त्यांना महागात पडलंय.

आमच्या नास शहराजवळच्या गावात मायदेशासारखे अग्निशमनाचे जवान दिवसभर केंद्रात बसलेले नसतात. कुणी सलून चालवतो, कुणी शिकवतो. जयेशराव मी काम करते त्याच कारखान्यात, हृदयाचे स्टेंट बनतात तिथे इंजिनीअर. कमरेला बीपर. तो वाजला की हातातलं टाकून पळायचं. याचे केंद्राकडून पैसे मिळतात आणि त्यासाठी गाव सोडून लांब जाता येत नाही. आपल्याला हे ठाऊक होतं का? छे! तिकडे लांब ॲडम्सटाउनच्या गणपतीला कधी येत नाहीत, म्हणजे माणूस शिष्ट, असं आपण ठरवून टाकलं. हरीशभाऊंकडे सत्यनारायणाला तीर्थ घेतलं आणि प्रसाद तसाच ठेवून पळाले, तर त्यांच्या घरच्या वहिनी आठवडाभर विचारत होत्या, माझा शिरा बिघडला होता का हो? शिवाय कुठेही गेले तरी गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून. आम्ही म्हणायचो, याला येण्याआधीच जायची घाई.

या मार्चमध्ये गावाबाहेर एका शेतकऱ्याची चाऱ्याची शेड पेटली. म्हातारा आत अडकलेला. छपराचा पत्रा जयेशरावांच्या उजव्या हातावर कोसळला, तर यांनी डाव्या हाताने त्याला ओढत बाहेर आणलं. म्हातारा वाचला. यांच्या हाताची पकड मात्र गेली ती गेलीच.

केंद्राने भरपाई दिली, पण ती केंद्रातल्या तुटपुंज्या कामापुरती. घर चालायचं कारखान्याच्या पगारावर. आणि आमच्या कारखान्याचा नियम असा, की समाजसेवा करताना दुखापत झाली तर भरपगारी रजा, दुसऱ्या नोकरीत झाली तर बिनपगारी. डोक्यावर घराचं कर्ज, मुक्तावहिनींचं काम लॉकडाउनने बंद पडलेलं.

या रजेबाबत कारखान्याची सुनावणी स्क्रीनवर झाली. कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून मी होते. एचआरच्या बाई भल्या होत्या, त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. म्हणाल्या, तुम्ही हे सेवा म्हणूनच करता ना? नुसतं हो म्हणायचं होतं. मी तर स्क्रीनवर जोरजोरात मान हलवत होते.

जयेशराव म्हणाले, "नाही. ते माझं काम आहे. मी पगार घेतो."

संपलं! मी लगेच फोन लावला आणि चांगलंच झापलं. एका होकाराने काय आभाळ कोसळणार होतं? त्यावर हा माणूस शांतपणे म्हणाला, "विद्याताई, आमच्या केंद्रातल्या कॉलमचं सलून बंद आहे. त्याचं घर केंद्राच्या पैशावर चालतंय. मी आज सेवा म्हटलं, तर उद्या त्याला म्हणतील, मग पैसे कशाला हवेत?"

आपण एरवी मोठी माणसं बघायला कुठे कुठे जातो, आणि हा आमच्या कँटीनमध्ये रोज समोर डबा खात होता!

मग आम्ही सगळेच त्या नियमाच्या मागे लागलो. ऑगस्टमध्ये तो बदलला. आग विझवताना झालेली दुखापत, पगारी असो वा नसो, रजा भरपगारी. फक्त आधीच्या दुखापतींना लागू नाही. म्हणजे जयेशरावांमुळे नियम झाला आणि तेच तेवढे बाहेर राहिले. ते बिनपगारी महिने दोघांनी कसे काढले, ते मुक्तावहिनींनाच ठाऊक.

नियमाचा पहिला फायदा ओर्लाला झाला. कॉलमची मुलगी, आमच्या पॅकिंगमध्ये असते, केंद्रातही जाते. गेल्या महिन्यात आग विझवताना शिडीवरून पडली, घरी बसून पूर्ण पगार मिळाला. तिला वाटतं, नियम पहिल्यापासून असाच आहे. जयेशरावांनी आम्हाला सांगू दिलेलं नाही. ती तिथे शेवटच्या रांगेत बसलीय. तिला मराठी कळत नाही, म्हणून मी बिनधास्त बोलतेय.

हाताला पकड नाही, म्हणून परवा जयेशरावांनी बीपर परत केला. आज आले तेव्हा मी दारातच उभी होते. सवयीने त्यांनी गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली. थोडा वेळ आतच बसून राहिले. मग पुन्हा चालू केली, वळवली, आणि तोंड भिंतीकडे करून लावली. मला तिकडे बघवेना.

असो. आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला. आणि जयेशराव, आज हरीशभाऊंच्या घरचाच शिरा आहे. सावकाश खा.