काजं राहिलेला कोट

बंगळूरच्या गाडीची वाट बघत गिरिजाबाई म्हैसूरच्या स्टेशनावर बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांची नुकतीच गाठ पडली होती. त्यातल्या एकाच्या मांडीवर कापडाचं गाठोडं होतं.

"अय्यो, रखमाजी! दुकान बंद करून कुठं निघालात?"

"बंगळूरला, खंडोजीराव. दामाजीकडं."

"तुमच्या समोरचा शिंपी? तो पोराकडं राहायला गेला, तुमची पीडाच टळली की!"

"टळली खरी. वीस वर्षं माझी गिऱ्हाइकं दारातनं ओढून नेली त्यानं. सकाळी त्याचं मशीन वाजलं, की मी कॉफी तशीच टाकून माझ्या मशीनवर बसायचो."

"आणि आता?"

"आता कॉफी सावकाश पितो. गोडच लागत नाही."

"पण दसऱ्याला तुम्ही दोघं एकत्र शिवत होता ना?"

"दरबारी कोटांची घाई असायची. कापायचं मी, काजं त्यानं करायची. त्याच्यासारखं काज कुणाला येत नाही. दसरा सरला की पुन्हा भांडण."

"गाठोड्यात काय आहे?"

"कोट. काजं तेवढी राहिलीत."

"काजांसाठी बंगळूर? देवराज मोहल्ल्यातले शिंपी काय मेले सगळे? गिऱ्हाईक तोवर थांबेल?"

"गिऱ्हाइकाचा नाही. दामाजीलाच शिवलाय."

घंटा झाली. गिरिजाबाईंनी पिशवी उचलली, पण त्या उठल्या नाहीत; मागं खंडोजीराव अजून विचारतच होते.

"त्याचं माप कधी घेतलंत?"

"माप कशाला घ्यायला पाहिजे? वीस वर्षं समोरच बसला होता की."