एका प्रथिनाची सात बारशी

...अहो, पण हा शहाणपणा करायला त्याला सांगितलं होतं कुणी? तुम्हाला सांगतो, चेन्नईजवळ तांबरमकडच्या एका कॉलेजात, दोन हजार सहा साली, सांगलीहून आलेला हा हेरंब दोन वर्षं एकच काम करत होता... एक जंतू दुसऱ्या जंतूला मारायला अंगातून जे इवलंसं प्रथिन सोडतो ना, तसल्या जगभरच्या प्रथिनांची यादी इंटरनेटवर चढवायची! कुठल्या जंतूचं, नाव काय, अमिनो आम्लांच्या साखळीतली अक्षरं कुठली... बसला टायपत. आणि त्यात त्याला काय दिसावं? की एक प्रथिन जपान्याला सापडलं, त्यानं त्याचं बारसं केलं. तेच डेन्मार्कवाल्याला सापडलं, त्यानं दुसरं नाव ठेवलं. साखळी अक्षरन् अक्षर तीच, पण दुसऱ्यानं ठेवलेलं नाव वापरायचं म्हणजे यांच्या खानदानाचा अपमान! एकेकाची सात-सात बारशी! आणि हे म्हणे विज्ञान!

मग या भल्या माणसानं सगळी जुळी-तिळी एकत्र केली. दोनशे दहा नोंदींच्या उरल्या एकशे एकतीस. आणि सोमवारी प्रकल्पाला पैसे देणारी दिल्लीची समिती यायची होती! ती खूश झाली तर हेरंबची नोकरी टिकणार, नाहीतर धरा सांगलीची गाडी... आणि मेमध्ये कीर्तीशी लग्न, मुलीकडे 'चेन्नईत शास्त्रज्ञ' म्हणून सांगून ठेवलेलं!

प्रकल्पाचे प्रमुख बालाजीराव, तंजावरकडचे मराठी, रागावले तरी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "अय्यो हेरंबा, अहवालात दोनशे दहा लिहिलंय पा. तुझं खरं असेल, पण कमी कसं दाखवायचं?" झालं! शनिवार-रविवार हेरंब जुळ्यांची ताटातूट करत बसला. आणि हे म्हणे विज्ञान!

सोमवारी समिती आली, डोसे चापले, आणि अध्यक्ष कृष्णकांत, दिल्लीचं बडं प्रस्थ, त्यांनी कॉम्प्युटरवर पहिलं काय शोधलं असेल? स्वतःच्या प्रथिनाचं नाव! आणि नेमकं तेवढंच परत घालायचं राहिलेलं... नोंद नाही! साहेबांचा चेहरा उतरला. हेरंब सांगायला गेला, की सर, तुमचं आणि जपानमधलं एकच आहे... तोच बालाजीरावांनी त्याचा खांदा दाबला.

हेरंबला समोर लग्नाचा मांडव दिसायला लागला. कॉम्प्युटरपुढे बसला, पाच मिनिटांत नाव घातलं. साहेबांनी पुन्हा शोधलं, सापडलं. शेजारीच जपानी नोंद, शोध सहा वर्षं आधीचा, अक्षरं तीच. ती बघून साहेब म्हणतात कसे, "पाहा, जपानलाही शेवटी माझंच सापडलं." आणि हे म्हणे विज्ञान!

प्रकल्पाला तीन वर्षांची वाढ, हेरंबला बढती, आणि पद काय, तर 'अचूकता तपासनीस'! लाज वाटली हो त्याला, खरंच वाटली. पण होणाऱ्या सासऱ्यांना फोन तर करायलाच हवा होता. ऐकून ते गहिवरले, म्हणाले, "आमच्या कीर्तीला असाच काटेकोर माणूस हवा होता."

हेरंब म्हणाला, "हो."